ढोलकी आत, डीजे बाहेर



सत्तेला आवाजाची भीती वाटते असं आपण भाषणात ठोकून देतो. टाळ्या पडतात. पण हे खोटं आहे. आवाजाची भीती सत्तेला कधीच वाटली नाही. तिला भीती वाटते ती समजलेल्या शब्दाची.

पटत नसेल तर तेरा एप्रिलच्या रात्री आपल्या संविधान चौकात येऊन उभे राहा. बारा वाजायच्या आधीच चारी रस्त्यांनी डीजेच्या भिंती सरकत येतात. एकाच्या बेसवर दुसऱ्याचा बेस आदळतो. छातीचा पिंजरा हलतो, दुकानांची शटरं वाजतात. बाबासाहेबांचं नाव त्या गाण्यात असतं, पण ते कानापर्यंत येत नाही. येते ती नुसती धमधम. पोलीस कडेला खर्रा घोटून राहिले असतात. फार तर एखाद्या मंडळावर ध्वनिप्रदूषणाचा गुन्हा नोंदतात. त्यासाठी कोणी वर्षानुवर्षे आत बसत नाही.

आता दुसरीकडे पाहा. चार पोट्टे, एक पोट्टी, एक डफ, एक ढोलकी, एक साधा माईक. बेस नाही, लायटिंग नाही. पण शब्द न शब्द ऐकू येतो, आणि मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही समजतो. एवढ्याच सामानावर युएपीए लागतो. दहशतवादविरोधी पथक घरी येतं. एकदा सुटलेला माणूस दुसऱ्यांदा आत जातो.

ढोलकी आत, डीजे बाहेर. हा योगायोग नाही दोस्तहो, हे धोरण आहे. आणि या धोरणाला आपणच वर्गणी गोळा करून मदत करून राहिलो. आज मला याच्यावरच भांडायचं आहे.

आधी जरा विलायतेत जाऊन येऊ. आपल्यातले काही कॉलेजचे पोट्टे कानात बोंडं घालून तिकडचं जहाल संगीत ऐकतात, त्यांना हे माहीत असेल. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ मेरिडन नावाचं गाव आहे. तिथं १९८१ साली पोरांनी एक बँड काढला. नाव नेपाम डेथ. नेपाम म्हणजे अमेरिकेनं व्हिएतनामच्या माणसांवर टाकलेलं ते चिकटून जाळणारं रसायन. त्यांची पहिली मोठी तबकडी १९८७ साली निघाली, तिचं नाव ‘स्कम’, म्हणजे गाळ. तेहतीसेक मिनिटांत अठ्ठावीस गाणी. ड्रम इतका जलद की ठोके वेगळे मोजता येत नाहीत. गाणारा गात नाही, घशातून गुरगुरतो. या प्रकाराला ग्राइंडकोर म्हणतात. दळून काढणारं संगीत म्हणा ना. गिरणीत गहू टाकावा तसा त्यात शब्द दळला जातो.

त्या दळणाच्या आत राजकारण होतं, हे खरं. बड्या बहुराष्ट्रीय कंपन्या, युद्ध, वंशद्वेष यांच्या विरुद्ध ही पोरं बोलत होती. थॅचरबाईंचं राज्य होतं, कारखाने बंद पडत होते, त्या रागातून हा गोंगाट आला. पण शब्द कळायचा असेल तर तबकडीच्या वेष्टनावर छापलेलं वाचावं लागायचं. आणि तिथल्या राज्याने काय केलं? बीबीसीच्या रेडिओवर जॉन पील नावाच्या निवेदकाने त्यांना बोलावून वाजवायला लावलं. त्यांचं एक गाणं तर सव्वा-दीड सेकंदाचं. जगातलं सर्वांत छोटं गाणं म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

मी त्या पोरांना नावं ठेवत नाही. कामगारांच्या मुलखातून आलेला राग आहे तो, आणि चार दशकं त्यांनी तो विकून खाल्लेला नाही. मला फक्त हिशेब दाखवायचा आहे. तिकडं सव्वा सेकंदाच्या गाण्याची विक्रम म्हणून नोंद झाली. इकडं मे २०१५ मध्ये शिर्डीत एक नर्सिंग शिकणारा दलित तरुण लग्नाला आला होता. त्याचा मोबाईल वाजला. रिंगटोन भीमगीताची होती. तीही काही सेकंदांचीच. त्या सेकंदांसाठी त्याला दारूच्या दुकानातून उचलून नेऊन ठार मारलं. त्या बारक्या स्पीकरमधून डेसिबल किती निघाले असतील? पण शब्द ऐकू आला होता. मारणाऱ्यांना तो नीट समजला होता.

हा फरक डोक्यात पक्का करा, मगच पुढचं वाचा.

आपल्याकडे हा समजणारा शब्द आला कुठून? तो काही काल-परवाचा नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधकांनी जलसा उभा केला. तमाशाचाच साचा घेतला, पण गण बदलला, गवळण बदलली, आणि वगात भटजी-सावकाराची लबाडी उघडी पाडली. ज्याला वाचता येत नाही त्याला कळलं पाहिजे, ही पहिली अट. तीच अट घेऊन नाशकाकडून भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा काढला. बाबासाहेबांच्या एका सभेची बातमी गावात पोचायला जेवढे दिवस लागायचे, त्याच्या आत जलसा दहा गावं फिरून यायचा. बाबासाहेब जलशाला आपल्या भाषणांच्याही वर मानत, असं जुने लोक सांगत आले, ते उगाच नाही. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हाताशी काही नसताना गावोगाव, वस्तीवस्तीत तीच वाट तुडवली. आपल्या आज्यांना बुद्ध कुणी शिकवला? पुस्तकानं नाही. त्या वाचू शकत नव्हत्या. गाण्यानं शिकवला.

तिकडं लाल झेंड्याखाली १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. स्वातंत्र्य आलं, आणि मोरारजीभाईंच्या सरकारनं अण्णा भाऊंच्या तमाशावर बंदी घातली. बघा म्हणजे! तमाशा शतकानुशतके चालला होता. बाई नाचत होती, पाटील फेटे उडवत होते, तेव्हा कुणाला बंदी सुचली नाही. त्याच तमाशात गिरणी कामगार आपल्या मजुरीचा हिशेब मांडायला लागला, तेव्हा सुचली.

म्हणजे वाद्यं तीच, नाच तोच, गर्दी तीच. बदलला फक्त शब्द, आणि सरकार हललं.

याच वाटेवर कबीर कला मंच येतो. २००२ साल. गुजरातेत माणसं जाळली गेली ते साल. त्या वर्षी पुण्यात काही तरुणांनी हा मंच उभा केला. ज्या पुण्यात सवाई गंधर्वची तिकिटं संपतात, त्याच पुण्याच्या झोपडपट्ट्यांतून ही पोरं आली. शीतल साठे कासेवाडीची. सोबत सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर, दीपक डेंगळे, आणि पुढं ज्योती जगताप. नाव घेतलं कबिराचं. तो विणकर होता, आणि मुल्ला-पंडित दोघांनाही एकाच काठीने हाणत होता. यांच्या गाण्यांत फुले होते, बाबासाहेब होते, भगतसिंग होता. गावकुसाबाहेरचे अत्याचार होते, शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत्या, सेझच्या नावाने लाटलेल्या जमिनी होत्या, घरात मार खाणारी बाई होती. शीतलचा आवाज ज्यानं समोरून ऐकला त्याला मी काय सांगू? त्या आवाजाला बेस लागत नाही.

आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या फिल्ममध्ये ही पोरं दिसतात. ती फिल्म सुरू कुठं होते हे आठवा. ११ जुलै १९९७. घाटकोपरची रमाबाई आंबेडकर नगर वस्ती. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव दलाने गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. चारच दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरेंनी आपल्या झोपडीत फास घेतला. आयुष्यभर लाल झेंड्याची गाणी गायलेल्या या माणसानं मरताना डोक्याला निळी पट्टी बांधली होती. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली जन्मठेप झाली, आणि अपिलात जामीनही मिळाला.

दहा मुडद्यांवर जामीन मिळाला, हे लक्षात ठेवा. आता गाण्याचा भाव काय ते बघू.

मे २०११. दहशतवादविरोधी पथकाने मंचाच्या दीपक डेंगळे आणि सिद्धार्थ भोसले यांना युएपीएखाली धरलं. आरोप काय, तर नक्षलवाद्यांशी संबंध. बाकीचे भूमिगत झाले. जानेवारी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ठिपसेंनी डेंगळे-भोसले यांना जामीन दिला. विषमतेवर, पिळवणुकीवर बोलणं, चांगला समाज मागणं हा काही दहशतवादी संघटनेच्या सभासदत्वाचा पुरावा होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. २ एप्रिल २०१३ ला शीतल आणि सचिन विधानभवनासमोर येऊन उभे राहिले. शरणागती म्हणाले नाहीत, सत्याग्रह म्हणाले. गात गात पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतलच्या पोटात मूल होतं. तिला जूनमध्ये जामीन मिळाला. पुढच्याच महिन्यात, मे २०१३ मध्ये, सागर आणि रमेशही हजर झाले. त्यांना आणि सचिनला जामीन मिळाला तो थेट जानेवारी २०१७ मध्ये, सुप्रीम कोर्टातून. साडेतीन वर्षांच्या वर. शिक्षा नव्हती ही, नुसती वाट पाहणं होतं.

बाहेर आल्यावर वर्षही पुरतं सरलं नव्हतं. ३१ डिसेंबर २०१७, शनिवारवाडा, एल्गार परिषद. भीमा कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षं होत होती. मंचाची पोरं पुन्हा गायली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावात निळ्या झेंड्यांवर दगड पडले. गुन्हा मात्र गाणाऱ्यांवरही नोंदला गेला. फिर्यादीत ज्या ओळींवर बोट ठेवलं, त्यांतल्या काही जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून घेतलेल्या. ब्रेख्त १९५६ साली मेला, नाहीतर त्यालाही पुण्याला हजेरी लावावी लागली असती. ६ जून २०१८ ला धरपकड झाली, त्यात आपल्या नागपुरातूनच तिघांना नेलं. अशाच खटल्यांतल्या गरिबांची वकिली करणारे सुरेंद्र गडलिंग, विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या शोमा सेन, आणि आदिवासींच्या ग्रामसभांचं काम करणारा महेश राऊत. सप्टेंबर २०२० मध्ये एनआयएने सागर, रमेश आणि ज्योतीला उचललं. त्याआधी सागर-रमेशने व्हिडिओ काढून जाहीर सांगितलं होतं की आमच्याकडून माफीनामा लिहून घ्यायचा दबाव आहे आणि तो आम्ही देणार नाही. पाच वर्षं उलटली तरी त्यांच्या खटल्याची खरी सुनावणी सुरू झाली नव्हती.

आणि माझ्या मुद्द्याचा सर्वांत मोठा साक्षीदार ऐका. तो मी शोधलेला नाही, कोर्टाच्या कागदावरच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ज्योतीचा जामीन नाकारला. तेव्हा मंचाच्या सादरीकरणातले शब्द निकालात नोंदले गेले. अच्छे दिन, गोमूत्र अशा शब्दांतून सरकारची टिंगल होते, सादरीकरण आक्रमक आणि चिथावणीखोर आहे, असा सूर होता. आवाज किती मोठा होता हे कुणी मोजलं नाही. शब्द मोजले. एकेक, वेचून.

आवाज मोजायला या देशात नियम आहेत, २००० सालचे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहानंतर भोंगा बंद, वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सूट. शब्द मोजायला युएपीए आहे, १९६७ चा. त्यात २००८ साली ४३ ड (५) हे कलम घातलं. पोलिसांचा आरोप वरवर खरा वाटला की जामीन नाही, आणि आरोपपत्राला नव्वद दिवसांऐवजी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुभा. बंदी घातलेल्या संघटनेचं नुसतं सभासद असणं गुन्हा नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०११ साली अरूप भुयानच्या खटल्यात म्हटलं होतं. मार्च २०२३ मध्ये त्याच कोर्टाने ते पुसून टाकलं. आणि जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात बेकायदेशीर कृत्याची व्याख्या वाचा. केवळ कृती नाही, बोललेला शब्द, लिहिलेला शब्द, खूण, दृश्य, सगळं आत घेतलं आहे. डेसिबल कुठंच नाही.

आता आपल्याच लोकांचे आक्षेप. ते चहाच्या टपरीवर मी रोज ऐकतो.

पहिला. “का बे, ते तं नक्षलवादी हायेत ना? बाबासाहेबांनी मार्क्स नाकारला, आपल्याले काय करायचं?” बरं. बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांवर भाषण केलं, ते एकदा बसून वाचा. हिंसा आणि हुकूमशाही त्यांनी नाकारली. पिळवणूक संपवायचा प्रश्न नाकारला नाही. म्हणाले मुक्कामाला जायचं आहे, पण बुद्धाच्या रस्त्याने. तर मग ज्याला मंचाच्या गाण्यातला लाल रंग नको असेल, त्याने निळं गाणं रचावं, आणि त्याच मैदानावर, त्याहून मोठ्या ताकदीने गावं. याला उत्तर म्हणतात. शाहिराला पोलीस घेऊन गेले आणि आपण म्हणालो, बरं झालं, मतभेद मिटला! हे उत्तर नाही, हे भित्रेपण आहे. आणि ज्या दिवशी तुमच्या निळ्या गाण्यातला शब्द टोचेल, त्या दिवशी पोलीस रंग विचारणार नाही. आपल्या नागपूरचाच सुधीर ढवळे वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाहून परत येताना जानेवारी २०११ मध्ये धरला गेला. चाळीस महिन्यांनी निर्दोष सुटला, आणि २०१८ साली पुन्हा आत गेला. संमेलन आंबेडकरी आहे म्हणून त्याला कुणी सोडलं का?

दुसरा आक्षेप लाल दोस्तांसाठी आहे, तो मीच घेतो. तुम्हाला आमचा शाहीर हवा असतो, त्याचा गळा हवा असतो, पण त्याची जात ऐकायची नसते. विलास घोगरे ज्या संघटनेसाठी गायले तिनेच त्यांना बाहेर काढलं होतं, हे ती फिल्मच सांगते. त्या निळ्या पट्टीत जो जबाब आहे त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. शीतल आणि सचिन पुढे मंचापासून वेगळे होऊन नवयान महाजलसा घेऊन उभे राहिले, याच्यावर चिडू नका. विचार करा. वर्ग वर्ग करता करता जातीवर आलं की तुमचा माईक खरखरायला लागतो, तो का?

तिसरा आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. “आपल्या बापजाद्याले गावच्या रस्त्यानं वाजवत नवरदेव नेता येत नव्हता. आता वाजवतो तं तुमच्या पोटात दुखते?” नाही बाप्पा, दुखत नाही. हलगी आपल्याच खांद्यावर होती, पण ती दुसऱ्याच्या दारात वाजवायची, त्याच्या देवासाठी, त्याच्या मढ्यापुढं, शिळ्या भाकरीवर. आपल्या आनंदासाठी, आपल्या रस्त्यावर, आपल्या मर्जीने वाजवणं हा हक्क आहे. तो आपण दिमाखात बजावावा. ऐन आपल्या जयंतीलाच ज्यांचे कान दुखतात आणि बाकी वर्षभर दुखत नाहीत, त्या साहेबांना कापूस द्या. मी त्यांच्या बाजूचा नाही. पण हक्क मिळाल्यावर त्या हक्काच्या आत काय भरलं, हे विचारायचं की नाही? बापानं हलगी टाकली ती दुसऱ्याच्या हुकमानं वाजवायची नाही म्हणून. आणि पोरगा दिवसाचे हजारो रुपये मोजून असं यंत्र आणतो, ज्याच्यात त्याच्या बापाचा, आज्याचा, बाबासाहेबांचा एक शब्दही वाचत नाही. ग्राइंडकोरवाल्या गोऱ्या पोरांनी निदान वेष्टनावर शब्द छापले होते. आपल्या डीजेला वेष्टन कुठं आहे?

नागपूरकरांनो, आपल्याला तर लाज जास्त वाटायला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखोंचा समुदाय या शहरात जमला. कशासाठी? बावीस प्रतिज्ञा ऐकायला आणि म्हणायला. ऐकायला आणि म्हणायला! एक माणूस बोलला, लाखोंनी शब्द उच्चारला, आणि शतकांचा धर्म अंगावरून गळून पडला. जगाच्या इतिहासात शब्दाने एवढं काम एका दिवसात क्वचित केलं असेल. नामांतराच्या वेळी, ऑगस्ट १९७८ मध्ये, इंदोऱ्यात आपल्या पोरांवर गोळ्या चालल्या. त्या पोरांच्या तोंडात काय होतं? विद्यापीठाला द्यायचं एक नाव. एक शब्दच.

१ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीच्या भूमिगत पार्किंगविरुद्ध लोक उसळले आणि सरकारला काम थांबवावं लागलं. अंबाझरीचं आंबेडकर भवन पाडलं गेलं, त्यासाठी आपल्या बाया उन्हातान्हात धरण्यावर बसल्या. तुमच्या वस्तीच्या मंडळाला याच्यावरचं एक गाणं तरी येतं का? सफाईचं काम ठेक्यावर गेलं, शिष्यवृत्ती वर्षभर अडकते, राखीव जागा कंत्राटात विरघळून गेल्या. याच्यावर? दसऱ्याच्या दिवशी याच शहरात संघाचं संचलन निघतं. त्यांचं घोष पथक वर्षभर सराव करतं. एकेक पोरगा बासरी, शंख, ढोल शिकतो. त्यांना माहीत आहे संस्कृती म्हणजे काय चीज आहे. आपण एका रात्रीसाठी ट्रक भाड्याने आणतो.

आपल्याच वीरा साथीदारांना विसरलो का? चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ (२०१४) सिनेमात ते म्हातारे लोकशाहीर झाले. त्या शाहिरावर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला. लोक हसले, म्हणाले काय अतिशयोक्ती आहे. ज्यांनी मंचाचा खटला पाहिला होता ते हसले नाहीत. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो ऑस्करलाही पाठवला. पडद्यावरच्या शाहिराला सोन्याचं कमळ, आणि खऱ्या शाहिराला अंडा सेल. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले, जयंतीच्या आदल्या दिवशी. ते आयुष्यभर ज्या वस्तीत राबले, तिथं त्यांच्या नावाची एक ढोलकी तरी ठेवली का आपण?

कबीर कला मंचाचा प्रभाव किती, असं कुणी विचारलं तर लोक सांगतात, अमुक गाणं इतक्या लाख लोकांनी पाहिलं. मला हा हिशेब मान्य नाही. मोबाईलवर गाणं पाहून अंगठा दाबणं म्हणजे प्रभाव नाही. मंच आत गेला तेव्हा त्या जागी किती मंच उभे राहिले, हा प्रभाव. काही राहिले. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत पथकं निघाली, अमरावतीकडचा विपिन तातड आपल्या बोलीत रॅप करून राहिला. तिकडं चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत कास्टलेस कलेक्टिव्ह उभं राहिलं, परईचा ताशा आणि गिटार एकाच मंचावर घेऊन. पण आपल्या नागपुरात? उत्तर नागपुरात गल्लीगल्लीला विहार आहे. ज्या शहरात इतके विहार, त्या शहरात जलशाची पथकं बोटावर मोजावी लागतात.

म्हणून मागण्या सांगतो. सरकारकडे नाही, आपल्याकडे.

एक. प्रत्येक विहारात सहा जणांचं पथक. त्यात निदान तीन पोरी, आणि त्या कोरसला नाही, पुढं. दर रविवारी वंदनेनंतर दोन तास सराव.

दोन. जयंतीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा पथकाला. ढोलकी, डफ, हार्मोनियम आणि एक साधा, स्वच्छ स्पीकर, ज्याच्यातून शब्द ऐकू येईल. मिरवणुकीत डीजे असेल तर असो, पण दर चौकात वीस मिनिटं तो बंद, आणि पथक सुरू.

तीन. जुन्या बायांना गाठा. छप्पनच्या वेळची, त्यानंतरची गाणी त्यांच्या तोंडात आहेत. त्या आता उरल्यात किती? वहीत लिहून घ्या, मोबाईलचा तेवढा तरी उपयोग करा.

चार. दर महिन्याला एक नवं गाणं, त्या महिन्याच्या अन्यायावर. आकडे खरे, नाव-गाव खरं. खोटा आकडा गायलात तर समोरचा तुमचं सगळंच खोटं ठरवतो.

पाच. कायदा शिका. शाहिराला नुसता गळा असून आता भागत नाही. पथकापाशी वकिलाचा नंबर पाहिजे, आणि खटल्याचा निधी आधीपासून जमलेला पाहिजे. पोरगा आत गेल्यावर डबा फिरवायची आपली सवय आता मोडा.

सहा. लाल असो की निळा, गाण्यासाठी जो आत जाईल त्याच्या घरी महिन्यातून एकदा जायचं. त्याच्या मताशी भांडायचं तर तो बाहेर आल्यावर भांडू, समोरासमोर, मंचावर.

यात क्रांती वगैरे काही नाही. एका मंडळाला एका वर्षात जमेल एवढंच आहे. नाही जमलं तर आपण शाहिरांच्या नावाने रडायचं बंद करावं, आणि मान्य करावं की आपल्यालाही तो शब्द नकोच होता.

येत्या जयंतीची वर्गणी बैठक फेब्रुवारी-मार्चात होईल. डीजेवाल्याला सुपारी द्यायच्या आधी हात वर करून एक प्रश्न विचारा. एवढ्या पैशात ढोलक्या किती येतात?

जय भीम.